प्रति, मा. परवाना अधिकारी

घाटंजीच्या तहसीलसमोर कडुनिंब आहे,
निंबाखाली माझा टेबल, टेबलावर रेमिंग्टन.
तिचा ‘ळ’ उमटत नाही, तो मी पेनाने काढतो.
एकतीस वर्षांत लिहिले रेशनचे, रस्त्याचे,
मेलेल्या माणसाला कागदावर मारण्याचे अर्ज.
हाउजीचा पहिल्यांदाच.

बेबीनंदा गेडाम आली, मागे बचत गटाच्या चौघी.
“शारदेच्या मांडवात आमी हाउजी खेळतो, भाऊ.
दहा रुपयाचं तिकीट, आकड्यावर तुरीचा दाणा,
फुल हाउसले स्टीलचा गंज.
हवालदार म्हणते, जुगार हाय, लायसन आणा.
द्या एक लिहून.”

मी म्हटलं, बाई, मी लायसन देत नसतो, मागत असतो.
आत जाऊन आलो. बाबूने कपाट उघडलं.
तमाशाचा नमुना होता, फटाक्यांचा होता,
लाउडस्पीकरचा तर तीन प्रतींत.
हाउजीला रकाना नव्हता.
रकाना नाही म्हणून परवानगी नाही,
आणि नकारही नाही,
नकाराचाही नमुना लागतो.

ताजने हवालदार तेव्हा टपरीवर
मोबाइलवर बोट ठेवून बसलेला.
आतून एक बाई गोड आवाजात आकडे पुकारत होती.
बेबीनंदाने वाकून पाहिलं:
“अवं, हे तं आमचंच हाय!”
“हे बिंगो. याले लायसन हाय,” ताजने म्हणाला,
आणि दाखवलं, पडद्याच्या पार तळाशी,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.
मी दोन बोटांनी अक्षरं फाकवली.
एका बेटाचं नाव, एक क्रमांक,
एक मासा, त्याच्या डोक्यावर मुकुट.

रात्री पोराच्या नकाशात ते बेट शोधलं.
आधी शाईचा डाग समजून नखाने खरवडलं.
माणसं आपल्या तालुक्याच्या निम्मीही नाहीत.
पण तिथे कचेरी असणार,
कचेरीत कपाट, कपाटात हाउजीचा नमुना,
बाहेर एखादं झाड, आणि झाडाखाली कुणी
ज्याच्या यंत्राचं एक अक्षर उमटत नाही.

“मंग त्याइलेच लिहा ना,” बेबीनंदा म्हणाली,
“इतक्या दुरून ताजनेले देते,
आमाले काऊन नाही देणार?”

लिहिलं.
अर्जदार बाया अकरा, आकडे नव्वद.
पुकारणार शेवंता टेकाम,
जी बावीसला म्हणते तळ्यावरची दोन बदकं
आणि सत्तेचाळीसला, चंद्रपूरचा उन्हाळा.
उरलेला पैसा मांडवाच्या विजेला.
सदर खेळ जुगार वाटल्यास कळवावे.
खेळ, तळे, उन्हाळा, कळवावे:
पेनाची शाई संपत आली.
वर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट.
ते पाहून बेबीनंदा म्हणाली,
“आमचंही दहाचंच हाय. पण आमच्यात गंज भेटते.”

पाच वाजले. यंत्रावर फडकं टाकलं,
तर ताजने उभा, टोपी हातात.
“एक तक्रार लिहायची व्हती, भाऊ.
एकोणीस हजार जिंकलो. चार महिने झाले.
ते म्हणते, तुमी तुमीच हाय याचा पुरावा पाठवा.
आधार पाठवलं, पॅन पाठवलं,
वर्दीतला फोटो पाठवला.”
कुणाला लिहू?
“ज्यानं लायसन देलं, त्याले.”
पत्ता मला पाठ होता.

दोन्ही अर्ज एकाच पाकिटात घातले,
टपालखर्च वाचावा म्हणून.
एकाचं दुसऱ्याला सांगितलं नाही.
पोस्टमास्तरने नाव तीनदा वाचलं,
वजन केलं, दरपत्रक चाळलं, म्हणाला,
राहू द्या इथं, यवतमाळला विचारून पाहतो.

कोजागिरीच्या आधल्या रात्री हाउजी झालीच.
ताजने बीटवर, मांडवाच्या बल्लीला टेकून,
पाठ आमच्याकडे.
“चंद्रपूरचा उन्हाळा!” शेवंता ओरडली,
आणि पाठीवरचं खाकी कापड जरा हललं.

गंज कुणी नेला, आठवत नाही.
सकाळी बेबीनंदाने तुरीचे दाणे मोजून डब्यात भरले.
चार कमी भरले.
ते शोधायला ती सतरंजी झटकत होती, ऊन वर येईस्तोवर.